जेवायला बोलावलेल्यांची यादी

आमचं सामान भरलेला छोटा हत्ती टेंपो वस्तीवरून निघाला, तर तो रस्त्याला लागायच्या आतच तात्यांनी हात आडवा करून थांबवला. तात्या म्हणजे माझे सासरे. आम्हाला वाटलं काहीतरी विसरलं, लोणच्याची बरणी नाहीतर देव्हारा. तात्या मागच्या बाजूला आले, ताडपत्रीची कड उचलली आणि पेट्यांवर बसलेल्या आम्हाला बोटानं मोजलं. मी, आमचे हे, थोरला, धाकटी. "चार," ते म्हणाले. मग ड्रायव्हरकडं बघून, "व्हय, जाऊ द्या आता."

मोजायची ही खोड आमच्या घरात जुनी आहे. तात्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचं, कुणाच्या तरी रानात उतरायचं, आणि दिवस मावळायला कळप मोजायचा. मोजल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. पुढं कॅनॉलचं पाणी रानात आलं, ऊस आला, मेंढरं गेली, आम्ही कारखान्याचे सभासद झालो, पण मोजणं काही सुटलं नाही. तात्या अजूनही दिवेलागणीला अंगणात उभे राहून घरातली माणसं मोजतात आणि एखादं कमी भरलं तर ताटावर बसत नाहीत. मोजणं ही आमच्यातली माया आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जी चूक केली ती ह्याच मायेपोटी झाली, आणि त्या चुकीपायी एका बाईचा संसार उठला.

सणसरच्या पुढची आमची वस्ती ते बारामती, अंतर वीस-बावीस किलोमीटर. भावकीतल्या तुम्हा मंडळींपैकी कोणी पिंपरीला गेले, कोणी हडपसरला, धाकटे चुलत दीर तर थेट दुबईला. तुम्ही माझी चेष्टा करता ते मला ठाऊक आहे. सकाळी निघून दूध घालून परत येता येईल एवढ्या अंतराला ही बाई परगाव म्हणते! म्हणा. पण वस्तीवर मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तू कोण, कुठली. इथं पहिल्याच दिवशी जिन्यात तिघींनी विचारलं, आणि उत्तर ऐकून तिघी एकमेकींकडं बघून हसल्या.

एमआयडीसीच्या रस्त्याला आमची सोसायटी. चार मजल्यांच्या दोन इमारती, बत्तीस फ्लॅट, एका इमारतीची लिफ्ट चालू असली की दुसरीची बंद. ह्यांना दूध प्लँटला कायमची नोकरी लागली आणि मुलांची शाळा म्हणून आम्ही आलो. पहिली दोन वर्षं मी फार बोलले नाही. माझ्या 'न्हाय'ची पार्किंगमधली पोरं नक्कल करायची. गच्चीवर शेवया वाळत घातल्या तर कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गावाकडची शाखा'. हळूहळू मी 'आहे' म्हणायला शिकले. वस्तीवर आले की तुम्ही म्हणायचात, वैनी आता शहरातल्या झाल्या. इथल्यांना मी गावातली आणि तुम्हाला शहरातली. दोन्हीकडं पाहुणी.

सबिता आमच्यानंतर वर्षभरानं आली. ओडिशातल्या गंजामकडची. तिचा नवरा प्रफुल्ल एका शेडमध्ये वेल्डिंग करतो. तिला मराठी येत नव्हतं, मला ओडिया येत नव्हतं, आणि हिंदी दोघींचंही तोडकंमोडकं. पण जिन्यात बसून दोघींनी मिळून पाच-सहा पेंढ्या मेथी निवडली की भाषा फारशी लागत नाही. तिनं मराठी माझ्याकडूनच उचललं, म्हणून 'हाय', 'न्हाय', 'हितं', 'तितं' असलं सगळं तिच्या तोंडात बसलं. माझी नक्कल करणारी पोरं मग तिची नक्कल करायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. स्वतःची नक्कल व्हायची तेव्हा नुसती लाज वाटायची.

तिच्या घरात माणसं फार होती हे मला दिसत होतं. सकाळी पाचला आणि दुपारी दोनला तिच्या दाराशी चपलांचा ढीग बदलायचा. एक पाळी जेवून जायची, दुसरी येऊन जेवून झोपायची. त्यांच्याशिवाय शेडमधली आणखी चार-पाच पोरं तिच्याकडून डबा न्यायची. दिवसभर तिचा गॅस बंद म्हणून नसायचा. हिचं घर उठलं तर किती जणांचं जेवण उठेल, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

अध्यक्ष मी कशी झाले तेही सांगते, म्हणजे कुणी उगाच मोठेपणा देणार नाही. लिफ्टवाल्याशी भांडायचं, टँकरवाल्याची मनधरणी करायची, ह्या कामाला कोणी तयार नव्हतं. 'ह्या खेपेला महिला करू,' असं पुरुषांनी ठरवलं. वार्षिक सभेत मी चहा द्यायला उठले आणि उभी दिसले म्हणून माझं नाव पुढं आलं. सेक्रेटरी आमचे सर. हायस्कूलमधून निवृत्त झालेले, नियम तोंडपाठ, माणूस सरळ. सरांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं सगळं ते स्वतः करतात. आजही सांगते, सर वाईट माणूस नाहीत.

त्या वर्षी गणपती आले. आमच्याकडं महाप्रसादाला कूपन असायचं. मालकाच्या घरी दोन कूपनं, भाडेकरूला नाही. भाडेकरूंकडून वर्गणीच घेत नव्हते, म्हणून कूपन नाही, आणि कूपन नाही म्हणून वर्गणी मागायला कुणी जायचं नाही. खालच्या मांडवात पंगत बसलेली आणि वरच्या मजल्यावरच्या केरळच्या तीन नर्स पोरी हातात पिशव्या घेऊन कडेकडेनं ड्यूटीला निघालेल्या, हे मी आधीच्या वर्षी बघितलं होतं. आपल्यात रस्त्यानं जाणाऱ्या मेंढक्यालाही हाक मारतात. मला ते लागलं होतं.

वस्तीवरच्यांना सांगायला नको, पण बाहेर वाढलेल्या तुमच्या पोरांना माहीत नसेल. आवतन सगळं सारखं नसतं. घरटी एक माणूस, घरटी जोडी, आणि चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरात जेवढी माणसं असतील तेवढ्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. मी म्हटलं, आपण सोसायटीला चूलबंद आवतन देऊ.

"वहिनी, भाडेकरूंची वर्गणी नाही," सर म्हणाले.

"मागू की. आजवर मागितलीच कुणी?"

सर हसले. नियमात बसत होतं, म्हणून हो म्हणाले.

मी दोनशे पानी वही घेतली आणि दार न् दार फिरले. आवतन द्यायचं तर माणसं नीट मोजायला पाहिजेत. मी काय काय लिहिलं असेल! फ्लॅटचा नंबर, माणसं किती, कोणत्या पाळीला, गाव कोणतं, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाचा उपास. बत्तीस घरं, एक चुकवलं नाही. मालकांची घरंही लिहिली, माझंही लिहिलं. तळमजल्यावरचा वॉचमन आणि त्याची बायको बीडकडचे, आधी उसाच्या तोडीला यायचे. तो म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं ह्या भागात येतोय, गाव कंचं म्हणून ठेकेदारानंबी विचारलं न्हाय." मी त्याचंही गाव लिहिलं.

सबितानं आधी 'चार' सांगितलं. मी वही मिटली आणि हसले.

"खरं सांग गं. जेवायला बोलवायचंय. कमी सांगितलंस तर भात कमी पडंल."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता आणि ठेवावा की नाही ते कळत नव्हतं. ती नजर तेव्हा मी वाचली नाही. आता रोज वाचते. मग तिनं बोटं मोजली. ती, प्रफुल्ल, दोन दीर, तीन पुतणे, गावचे दोघं.

"नऊ हाय, ताई."

मी लिहिलं, नऊ.

जेवण मात्र असं झालं की विचारू नका. दीडशेच्या वर पान उठलं. आमची आमटी, भात, लापशी होतीच. सबितानं पातेलंभर दालमा केला, भाज्या घालून केलेली त्यांच्याकडची डाळ. नर्स पोरींनी पायसम केलं, आपल्या खिरीसारखं. सरांनी दालमा दोनदा मागून घेतला. त्या पंगतीत कोण मालक, कोण भाडेकरू, बाहेरच्याला सांगता आलं नसतं. मी वाढत होते आणि मला वाटत होतं, जमलं. अध्यक्ष म्हणून जे करायचं ते एका दिवसात करून टाकलं. फुशारकीच होती ती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही मागितली. "फार नीट केलंय, वहिनी. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. ऑफिसात ठेवू." माझ्या हातचं काहीतरी सोसायटीच्या कपाटात जाणार, मला अभिमान वाटला. दोन्ही हातांनी दिली.

मार्चच्या शेवटी बोअर आटलं. आधी दिवसाआड पाणी, मग टँकर. टँकरचा पाइप खालच्या टाकीत पडला की दोन्ही इमारतींत बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा. चौथ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसायचा. जिन्यात भांडणं लागली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'पाणी जातं कुठं ते सगळ्यांना माहीत आहे.' त्याखाली अंगठे पडत गेले. कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण नर्स पोरींनी ग्रुपवर बोलणं थांबवलं आणि सबिता मेथी घेऊन जिन्यात यायची बंद झाली.

एका सकाळी लिफ्टमध्ये नोटीस दिसली. रविवारी विशेष सभा. विषय, करारापेक्षा जास्त माणसं ठेवणाऱ्या भाडेकरूंनी पंधरा दिवसांत फ्लॅट रिकामे करण्याचा ठराव. खाली तक्ता. पाच फ्लॅट. नर्सांचा, करारात दोन, प्रत्यक्ष तीन. बिहारच्या पोरांचा, करारात तीन, प्रत्यक्ष सहा. असं करत शेवटी सबिताचा. करारात चार, प्रत्यक्ष नऊ.

तो नऊ माझा होता. भात कमी पडू नये म्हणून लिहिलेला.

मी तशीच सरांकडं गेले. दार उघडं होतं. सर तळमजल्यावरून आणलेली बादली मोरीत ओतत होते. तीन मजले चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती. आतून त्यांच्या बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं.

"सर, ती जेवणाची यादी होती."

"वहिनी, मी एक आकडा बदललेला नाही. तुमच्याच हस्ताक्षरात आहे सगळं." त्यांनी हात पुसले. "हिला रोज अंघोळ घालावी लागते. एका फ्लॅटमध्ये नऊ माणसं अंघोळ करतात. सांगा, मी काय करू?"

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. म्हणूनच भीती वाटली. खोट्या माणसाशी भांडता येतं.

घरी आले तर दारात सबिता उभी होती. गेल्या आठवड्यात मी तिला डब्यातून ज्वारीचं पीठ दिलं होतं, तो डबा परत करायला आली होती. डबा रिकामा होता. आपल्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हे तिला मीच शिकवलं होतं, आणि तीन वर्षांत तिनं एकदाही रिकामा डबा दिला नव्हता. तिनं तो माझ्या हातात ठेवला, झाकण नीट लावलेला, आणि वळून गेली.

मी तात्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं तात्या म्हणतील, पोरी, तू काय वाईट केलंस, माणसं तर मोजलीस. तात्या खोकले आणि म्हणाले, "मोजलंस त्ये बरं केलंस. पर मोजणी दुसऱ्याच्या हातात दिलीस कशापायी? आमी रानात उतरल्यावर कळप किती हाय त्ये पाटलाला सांगायचो न्हाय. सांगितलं का त्यो म्हनायचा, हितं जागा न्हाय." मग म्हणाले, "तुजा कळप हाय, तूच राख."

शनिवारी मी पाचही घरी गेले. नर्स पोरींतली लिजी रडत होती आणि रडता रडता बॅग भरत होती. मी म्हटलं, उद्या सभेत या. ती म्हणाली, भाडेकरूंना सभेत बोलता येत नाही, नियम आहे. मी अध्यक्ष, आणि तो नियम मला तिनं सांगितला. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी ह्या माणसांना पंगतीत बसवलं होतं, सभेत बसवलं नव्हतं. एक दिवस पोटभर वाढलं आणि वर्षभर जिन्यात उभं केलं. सबितानं दार अर्धंच उघडलं. आत कुणीतरी गाद्या गुंडाळत होतं.

"उद्या मी बोलनार हाय सभेत," मी म्हटलं.

"बोला, ताई," ती म्हणाली. दार लागलं.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या. मालक खुर्च्यांवर. लिजी आणि दोन-चार जण जिन्याच्या पायऱ्यांवर, उभे. मी म्हटलं, आधी आणखी खुर्च्या आणा. दोघं-तिघं कुरकुरले, "त्यांना मत नाही." मी म्हटलं, "मत न्हाय, पण पाय हायत की." माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं ते मला नंतर कळलं. कोणी हसलं नाही. वॉचमननं खुर्च्या आणल्या.

सरांनी ठराव वाचला. शांतपणे, शाळेत वाचतात तसा. मग एक तरुण सभासद उठला, "हे कुणाच्या विरोधात नाही. पण आपली माणसं वेगळी, ही वेगळी. उद्या काही झालं तर शोधायचं कुठं?" बऱ्याच माना हलल्या. मधेच एक म्हातारी म्हणाली, "माझं बीपी रोज त्या पोरीच बघतात रे," पण तिचं बोलणं तसंच विरलं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि प्रफुल्लचा पुतण्या गॅसची शेगडी खांद्यावर घेऊन बाहेर आला. खुर्च्यांच्या मधून वाट काढत गेटकडं गेला. मागून दुसरा, दोन गाद्या. मग तिसरा, भलं मोठं पातेलं. गेटबाहेर पिकअप उभा होता. आम्ही ठरवत होतो की ह्यांनी जावं की नाही, आणि ती माणसं आमच्यामधून निघालीच होती. त्यांनी आमच्या ठरावाची वाटही बघितली नव्हती.

मी उठले. मी सरांकडून वही आणि घरटी माणसं नोंदलेलं सोसायटीचं रजिस्टर मागून घेतलं.

"सर, ह्यात बत्तीस घरं हायत. तुम्ही पाच वाचलीत. मी पहिल्या पानापासून वाचते."

पहिलं पान माझंच. "रजिस्टरला चार. जेवायला सात." दिराची दोन मुलं कॉलेजला आहेत आणि डोळ्याच्या ऑपरेशनला आलेल्या चुलत सासूबाई तेव्हापासून राहिल्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं पान. रजिस्टरला तीन, जेवायला सहा. त्याच्या पुढचं. मालक म्हणायला लागले, "अहो, ते पाहुणे आहेत." मी विचारलं, किती वर्षांचे पाहुणे? भाच्या, पुतणे, भरतीची तयारी करणारे मेहुणे. इंदापूर, दौंड, फलटण, कुठून कुठून आलेले. आपल्या भागात ज्याचं बारामतीत घर, त्याच्या घरात अख्ख्या भावकीची पोरं. ह्यात लपवण्यासारखं काय होतं? पण त्या दिवशी एकेक आकडा ऐकताना माणसं खुर्चीत खाली सरकत होती.

तिसऱ्या मजल्याचं पान आलं. मी थांबले. वाचू नये असं वाटलं. पिकअपमध्ये पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मी वाचलं.

"सरांचं घर. रजिस्टरला तीन. जेवायला आठ."

सर उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "माझ्या भावाची मुलं आहेत ती. परकी नाहीत."

"प्रफुल्लच्या भावाचीच पोरं हायत ती, सर," मी म्हटलं. "आत्ता शेगडी घेऊन गेली ती."

सरांनी गेटकडं बघितलं. मग त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ठराव मी मागे घेतो." एवढंच म्हणून ते वर गेले, कारण बायकोच्या औषधाची वेळ झाली होती.

मी पळत गेटवर गेले. सबिता पिकअपच्या पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर देवाचा फोटो. मी दार धरलं. "उतर. ठराव मागं घेतला. कुठं जायाचं न्हाय आता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती. "पणदऱ्याजवळ खोल्या बघितल्या, ताई. पैसे देऊन झालं."

"सबिता, मी जेवणासाठी लिहिलं होतं गं."

"व्हय. ठावं हाय मला." तिनं माझा हात दारावरून हळूच काढला. "तुमी चांगल्या हायसा, ताई. पन तुमी लिवलं."

पिकअप निघाला. मागं सामानावर पोरं बसली होती. माझं बोट त्यांना मोजायला आपोआप उठलं, ते मी पदरात दाबलं.

सोसायटीत आता बरंच बदललंय. कमिटीच्या बैठकीला दोन भाडेकरू बसतात. नियमात मत नाही, पण खुर्ची आहे आणि बोलणं आहे. टँकरच्या पाण्याच्या पाळ्या लिजी लावते. दवाखान्यात पाळ्या लावायची सवय असल्यानं तिची पाळी कुणाला मोडता येत नाही. पहिली पाळी तिनं न सांगता सरांच्या घराला लावली, अंथरुणावरच्या माणसाचं घर म्हणून. सर मला जिन्यात भेटतात. एकदा म्हणाले, "माझं पान वाचायला नको होतं, वहिनी." मी म्हटलं, "त्यांचं लिफ्टमध्ये लावायला नको होतं, सर." त्यावर त्यांनी मला लिफ्टवाल्याचा नवा नंबर दिला. वही माझ्याकडं आहे. येत्या गणपतीला आवतन चूलबंदच द्यायचं ठरलंय, फक्त माणसं किती ते ज्यानं त्यानं येऊन सांगायचं. कुणी दारात जाऊन विचारणार नाही.

लोक म्हणतात, चांगलं काम झालं, कमिटी सगळ्यांची झाली. झाली असेल. पण ज्या बाईनं त्याची किंमत दिली ती त्या कमिटीत नाही. ह्याचं समाधान मला करता येत नाही आणि कुणी करूही नये.

बारामतीबाहेर, पणदऱ्याच्या अलीकडं एका गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्या आहेत. दर रविवारी मी वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडापच्या जीपनं जाते. पहिल्या रविवारी सबिता बाहेरच आली नाही, मी म्हशींकडं बघत तासभर बसले आणि परत आले. दुसऱ्या रविवारी प्रफुल्लनं पाणी दिलं. तिसऱ्याला ती आली, उंबऱ्यात बसली, कोथिंबीर निवडत राहिली. मी हात पुढं केला नाही आणि तिनं जुडी पुढं केली नाही. काय बोललो? उकाडा फार आहे, एवढंच. तरी मी जाते.

तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, वस्ती की बारामती. मी जिथून निघाले तिथं मला कधी काही सिद्ध करावं लागलं नाही. तिथं मी चुकले तरी तुम्ही मला टाकणार नाही, हे मला माहीत आहे. असं घर फुकट मिळतं, जन्मानं नाहीतर लग्नानं. दुसरं घर करावं लागतं, परक्या माणसांत, आणि ते आपल्याच हातानं मोडतंही. आबाळ दोन्हीकडं होते. वस्तीवर माझं येणं कमी झालंय, मला कळतं. तुम्हाला ते लागतं, तेही कळतं.

परवा तात्यांचा फोन आला. आंबे उतरवलेत म्हणाले.

"ऐतवारी येतीस न्हवं? पोरांस्नी घिऊन ये."

"ऐतवारी न्हाय जमायचं, तात्या. पणदऱ्याला जायाचं हाय."

"पणदऱ्याला?" तात्या जरा चिडलेच. "तितं कोण हाय आपलं?"

"अजून कोण न्हाय, तात्या," मी म्हटलं. "म्हणून तर जायाचं."